विमानाचे तेल आणि त्रैराशिक

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी कोणीतरी विद्वान गृहस्थ येऊन आपणांस चार शब्द सांगतात. यंदा कार्यवाहांनी ते काम आमच्यावर सोपविले. आम्ही विद्वान नाही. मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि तालुक्याच्या शाळांतून चाळीस वर्षे गणित व भूमिती शिकवून निवृत्त झालो. तेव्हा ‘विमानास लांबच्या प्रवासासाठी किती तेल लागते याचा हिशेब’ हा विषय आम्ही घेतला, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. त्यामागे एक प्रसंग आहे. तो आमच्या फारसा भूषणाचा नाही. तथापि तो सांगितल्यावाचून विषयास तोंड फुटणार नाही.

2019 सालच्या जुलैत आम्ही व आमचे कुटुंब लंडनला लेकीकडे दोन महिने राहून परत येत होतो. मुंबई जवळ आली आणि पावसाने हद्द केली. विमान समुद्रावर घिरट्या घालू लागले. चाळीस मिनिटे अशी गेली. मग कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की, आता आणखी थांबता येत नाही, आपण अहमदाबादला जात आहोत. विमानात एकच गलका झाला. कोणाची पुढची गाडी चुकत होती, कोणाचे लग्नकार्य होते. तुमच्यापासून काय लपवावे, सर्वांत मोठा आवाज आमचाच होता. वर्गात चाळीस वर्षे कमावलेला आवाज तो! “एवढे मोठे विमान, त्यात आणखी तासाभराचे तेल घातले असते तर काय बिघडले असते? कंपनी पैसा वाचविते आणि आम्हांस गावोगाव हिंडविते!” असे आम्ही त्या हवाई सेविकेस सुनावले. ती बिचारी मुलगी आमच्या लेकीच्याच वयाची होती. “सर, कृपया बसून घ्या,” एवढेच ती म्हणाली. आमचे कुटुंब शर्टाची बाही ओढीत होते, “अहो, बसा आता खाली.” आम्ही बसलो, पण आपण म्हणतो तेच बरोबर, या समजुतीनेच बसलो.

पुढे महिन्याभराने आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटीस आली. ती विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे. म्हणजे उड्डाणापूर्वी मार्ग, वारा, वजन आणि तेल यांचा आराखडा करून देण्याचे तिचे काम. त्या आराखड्यावर कप्तानाबरोबर तिचीही जबाबदारी असते. आम्ही मोठ्या तावातावाने तिला ती हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुरुजी, कागद आणि पेन्सिल देता?” त्या दुपारी आमच्या ओसरीवर गुरू कोण आणि शिष्य कोण, याचा उलगडा झाला. आज आपणांस सांगणार आहोत ते बहुतेक त्या कागदावरचे आहे. मागाहून आम्ही थोडे वाचन करून त्यात भर घातली.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आपण ‘विमानाचे पेट्रोल’ म्हणतो. परंतु आजच्या जेट विमानात जळते ते रॉकेलच होय. आपल्या स्टोव्हमधील घासलेटाचा हा जास्त शुद्ध केलेला भाऊ. ते टँकरमधून विमानात भरताना लिटरने मोजतात, पण हिशेब मात्र किलोने करतात. असे का? जुन्या मंडळींना हे चटकन समजेल. आमच्या वडिलांचे भुसार मालाचे दुकान होते. त्यांच्या वेळी पायलीने धान्य मोजीत. पायलीभर तांदूळ आणि पायलीभर पोहे यांचे माप एकच, पण वजन एक नव्हे. पोहे खाणाऱ्याचे पोट पायलीने भरत नाही, पोह्यांच्या वजनाने भरते. तेलाचेही तसेच आहे. उन्हात तापले की ते फुगते, तेच लिटर हलके होते. थंडीत आकसते, तेच लिटर जड होते. यंत्रास शक्ती मिळते ती तेलाच्या वजनातून, आणि विमानाच्या पंखांवर भार पडतो तोही वजनाचाच. साधारणपणे एक लिटर तेल 0.8 किलो भरते. हा 0.8 चा आकडा मुलांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची फार मोठी गोष्ट येणार आहे.

आता हिशेबाकडे वळू. मुंबईहून लंडन सरळ गेले तर सुमारे 7,200 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरा. सातवीतील मूल सांगेल की आठ तास लागतील. पण हा वेग हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नव्हे. नदीत पोहणाऱ्यास जसा प्रवाह, तसा विमानास वारा. समोरून ताशी 100 किलोमीटरचा वारा असला की वेग राहिला 800, आणि वेळ झाला नऊ तास. परत येताना तोच वारा पाठीशी असला की वेग 1,000, आणि वेळ 7 तास 12 मिनिटे. येथे एक गंमत आहे. जाताना एक तास गेला, येताना मात्र 48 मिनिटेच परत मिळाली. वारा जाताना घेतो तेवढे येताना देत नाही! हे उदाहरण आम्ही पुष्कळ शिक्षकांना घातले. चौघांपैकी तिघे ‘जमाखर्च सारखाच’ म्हणाले. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोराचे वारे असतात. त्यामुळे लंडनला जाण्यास जास्त वेळ लागतो आणि येण्यास कमी, हा आपल्यापैकी परदेशी जाऊन आलेल्यांचा अनुभव असेलच. म्हणून डिस्पॅचर आधी वाऱ्याचे अंदाज पाहतो आणि अंतर मागाहून मोजतो. पुष्कळदा लांबची वाट वाऱ्यामुळे जवळची ठरते.

नऊ तास धरले. आता तासाला किती तेल, हे कळले की नऊने गुणावे, झाले! असे आम्हीही म्हणालो. सरळ त्रैराशिक. तेव्हा आमची विद्यार्थिनी हसली आणि म्हणाली, “गुरुजी, हे त्रैराशिक नाही. हे चक्रवाढ व्याज आहे.”

हे वाक्य आमच्या डोक्यात उतरण्यास थोडा वेळ लागला. ते बैलगाडीच्या उदाहरणाने सांगतो. आमचे आजोबा घाटावरून कोकणात गाडीने गूळ नेत. वाटेत वैरण मिळेलच याची खात्री नसे, म्हणून कडब्याच्या पेंढ्या गाडीतच घालून घेत. आता पाहा, शेवटच्या दिवशी बैलांनी खायची पेंढी पहिल्या दिवसापासून तेच बैल ओढीत असतात. ती ओढण्याच्या श्रमाने त्यांना जास्त भूक लागते. म्हणून आणखी पेंढी घ्यावी. ती आणखी पेंढी ओढण्यास आणखी भूक! विमान हा असाच आपली वैरण आपल्याच पाठीवर घेऊन निघालेला बैल आहे. किती तेल लागेल हे वजनावर अवलंबून, आणि वजन किती होईल हे तेलावर अवलंबून. आपल्या शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखी ही स्थिती आहे.

यातून सुटका कशी? तर हिशेब शेवटापासून उलटा करावयाचा. फळ्यासाठी आम्ही आकडे सोपे करून घेतो. ते कोणा एका विमानाचे आहेत असे समजू नये. समजा, लंडनला उतरताना माणसे, सामान आणि राखीव तेल यांसह विमानाचे वजन 1,60,000 किलो असावयास हवे. दर तासाला वजनाच्या सुमारे तीन टक्के तेल जळते असे धरू. तर शेवटच्या तासात जळले 4,800 किलो. म्हणजे त्या तासाच्या आरंभी वजन होते 1,64,800. त्याच्या आधीच्या तासात जळले 4,944. तेव्हा वजन झाले 1,69,744. त्याच्याही आधी 5,092. असे मागे मागे जात मुंबईस पोहोचलो की वजन भरते सुमारे 2,08,764 किलो, आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या तासात जळतात 6,081 किलो. म्हणजे प्रवासास लागलेले तेल 48,764 किलो. त्रैराशिकाने 4,800 गुणिले नऊ, म्हणजे 43,200 आले असते. साडेपाच हजार किलोंहून अधिक तूट! लंडनच्या अलीकडे तासभर विमान कोरडे पडले असते. पतपेढीत मुद्दल वाढत जाते ते आपण पुढे मोजतो. येथे तेच मागे मोजावयाचे. आम्ही हे कोष्टक वहीत तीन वेळा करून पाहिले. चक्रवाढ व्याज आयुष्यभर शिकविले, पण ते आकाशात उडते हे आम्हांस ठाऊक नव्हते.

विमानाचे वजन जसजसे कमी होते तसतसे ते अधिक उंच चढू शकते आणि उंचावर विरळ हवेत तेल कमी लागते. म्हणून लांबच्या प्रवासात विमान मध्येच दोन-चार हजार फूट वर चढते. आपणास ते जाणवतही नाही.

हे झाले नुसत्या प्रवासाचे तेल. पण त्यावर कोणतेही विमान निघत नाही. नियमाप्रमाणे त्यात भर पडते. वारा अंदाजाहून वाईट निघाला, उंची मनासारखी मिळाली नाही, तर असावे म्हणून प्रवासाच्या तेलाचे साधारणतः पाच टक्के. आमच्या उदाहरणात सुमारे 2,440 किलो. मुक्कामाचा विमानतळ बंद पडला तर दुसऱ्या, आधीच ठरविलेल्या पर्यायी विमानतळावर जाण्याचे तेल. समजा 3,800 किलो. आणि सर्वांच्या तळाशी अखेरची राखीव शिल्लक. जेट विमानास 1,500 फुटांवर 30 मिनिटे घिरट्या घालता येतील इतके, समजा 2,200 किलो. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्यास आणखी 400. ही सर्व बेरीज 57,604 किलो होते. त्याला 0.8 ने भागले की 72,005 लिटर.

या अखेरच्या 30 मिनिटांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. ही शिल्लक वापरण्यासाठी नसते. ऐकावयास विचित्र वाटते, पण खरे आहे. प्रत्येक विमान ही अर्ध्या तासाची शिल्लक टाकीत ठेवूनच उतरले पाहिजे. ती मोडण्याची वेळ येणार असे दिसताच कप्तानाने नियंत्रकास ‘मेडे फ्यूएल’ असे स्पष्ट शब्दांत कळवावे असा दंडक आहे. घरात आजीच्या पेटीत तळाशी एक पुरचुंडी असे. ती कशासाठी असे आणि ती कोणी उघडावी, हे कोणी न सांगताच सर्वांना ठाऊक असे. तशीच ही.

स्पष्ट शब्द का, याचेही कारण आहे. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका कंपनीचे विमान वाईट हवेमुळे तीन ठिकाणी मिळून तासाहून जास्त वेळ थांबवून ठेवले गेले. वैमानिकांनी तेल संपत आल्याचे सांगितले, परंतु ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रकांना प्रसंगाचे गांभीर्य कळले नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळून 158 पैकी 73 माणसे दगावली.

आता त्या 0.8 ची गोष्ट. ही गोष्ट कॅनडातील आहे, आणि गणिताच्या प्रत्येक शिक्षकाने ती वर्गात सांगावी असे आमचे मत आहे.

आपल्याकडे शेर, मण जाऊन किलो, लिटर आले ते 1958 ते 1962 च्या सुमारास. कॅनडात हे संक्रमण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले. एअर कॅनडाकडे तेव्हा नवी बोइंग 767 विमाने आली होती. त्यांत तेलाचा हिशेब किलोने होता. जुन्या विमानांत तो पौंडांनी होत असे. 23 जुलै 1983 रोजी यांपैकी एक विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याचे तेल दाखविणारे यंत्र बिघडलेले होते; म्हणून टाकीत पट्टी घालून तेल मोजण्यात आले. आपले रॉकेलवाले पिंपात काठी बुडवून पाहत, तीच रीत. टाकीत निघाले 7,682 लिटर. प्रवासास हवे होते 22,300 किलो. तेव्हा लिटरचे किलो करणे आले. हिशेब करणारांच्या हाती गुणक होता 1.77. हा आकडा खोटा नव्हता. लिटरभर तेल 1.77 पौंडच भरते. परंतु ते पौंड होते, किलो नव्हेत!

मुलांनो, आता तुम्हीच गुणाकार करा. 7,682 गुणिले 1.77 म्हणजे 13,597. हे ‘किलो’ समजले गेले. 22,300 मधून वजा केले, उरले 8,703. त्याला पुन्हा 1.77 ने भागले, आले सुमारे 4,917 लिटर. तेवढे भरले. खरा हिशेब 0.8 च्या गुणकाने केला असता तर टाकीत जेमतेम 6,200 किलो होते आणि आणखी सुमारे 20,000 लिटर भरावयास हवे होते. वीस हजारांच्या जागी पाच हजार! पूर्वीच्या विमानात हा हिशेब पाहणारा तिसरा गृहस्थ, म्हणजे फ्लाइट इंजिनियर, असे. नव्या विमानात ती जागाच नव्हती, आणि हे काम नेमके कोणाचे हे कोणाला धड ठाऊक नव्हते. ओटावाला पुन्हा पट्टी घालून तेल तपासले; पण गुणक तोच घेतला, म्हणून उत्तर जुळले. चुकीच्या उत्तराचा ताळा चुकीच्या रीतीने केला की तो हमखास बरोबर येतो. परीक्षेच्या वह्या तपासताना हे आम्ही हजार वेळा पाहिले आहे.

विमान 41,000 फुटांवर असताना प्रथम एक यंत्र बंद पडले, मग दुसरे. यंत्रे थांबली तशी बहुतेक उपकरणेही काळी पडली. विमानात 69 माणसे होती. कप्तान रॉबर्ट पिअर्सन यांना इंजिनाशिवाय तरंगणारी ग्लायडर विमाने चालविण्याचा नाद होता आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी पूर्वी गिमली येथील हवाईदलाच्या तळावर काम केले होते. विनिपेग गाठणे शक्य नाही, पण गिमली जवळ आहे, हे क्विंटल यांच्या ध्यानात आले. ते प्रचंड विमान पतंगासारखे तरंगत खाली आणले. गिमलीची ती धावपट्टी हवाईदलाने केव्हाच सोडली होती. त्या दिवशी तिच्यावर मोटारींच्या शर्यतींचा मेळा भरला होता, कुटुंबे मुलाबाळांसह आली होती. पिअर्सन यांनी ग्लायडरवाले करतात तसे विमान तिरके करून उंची मोडली आणि उतरविले. पुढचे चाक मोडले, नाक जमिनीवर घासले, पण एकही माणूस मेला नाही, विमानातला नाही आणि जमिनीवरचाही नाही. पुढे ते विमान दुरुस्त होऊन 2008 पर्यंत उडत राहिले.

हे ऐकत असताना आमची विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “गुरुजी, सहावीत तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता, आठवते?” आम्हांस आठवले. तिचे उत्तर बरोबर होते, पण आकड्यापुढे ‘लिटर’ लिहिले नव्हते. आम्ही अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. उत्तर बरोबर असताना गुण कापतातच कसे, म्हणून त्यांनी चार माणसांत वाद घातला. वरिष्ठांचाही निरोप आला की कशाला वाढविता. आम्ही तो अर्धा गुण परत दिला. ती म्हणाली, “परत द्यायला नको होता.” यावर आम्ही काय बोलणार? आज येथे बसलेल्या पालकांस एवढीच विनंती की, शिक्षकाने असा अर्धा गुण कापला तर लगेच शाळेत जाऊ नका.

तेलाचा हिशेब चुकण्याची ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा अधिक वाईट, कारण तीत हिशेब चुकत नाही. तो कळत असूनही माणूस पुढे जातो. 28 नोव्हेंबर 2016 रोजी ब्राझीलच्या शापेकोएन्सी या फुटबॉल संघास घेऊन लामिया नावाच्या लहानशा कंपनीचे विमान बोलिव्हियातील सांताक्रूझहून कोलंबियातील मेदेयीनला निघाले. आराखड्यावर प्रवासाचा वेळ लिहिला होता 4 तास 22 मिनिटे, आणि तेल पुरण्याचा वेळही 4 तास 22 मिनिटे. पाच टक्के नाहीत, पर्यायी विमानतळ नाही, अखेरची 30 मिनिटे नाहीत. मध्ये बोगोटाला उतरून तेल घेता आले असते, घेतले नाही. मेदेयीनजवळ दुसऱ्या एका विमानास अडचण आली म्हणून यांना थोडा वेळ थांबावे लागले. त्या थोड्या वेळासाठी टाकीत काही नव्हते. विमान रात्री डोंगरावर आदळले. 77 पैकी 71 माणसे गेली. आयुष्यातला सर्वांत मोठा सामना खेळावयास निघालेला जवळजवळ सगळा संघ गेला. ‘4 तास 22 मिनिटे’ हे दोन आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी होते. ज्याला नुसती वजाबाकी येते त्यालाही उत्तर शून्य येते हे दिसले असते.

तर मग आमचाच प्रश्न आम्ही पुन्हा विचारला. तासाभराचे तेल जास्त घातले असते तर काय बिघडले असते? तिने बैलगाडीकडे बोट दाखविले. जास्तीचे 1,000 किलो घेऊन नऊ तास उडाले तर त्यातले सुमारे पाव ते तृतीयांश तेल ते तेल वाहून नेण्यातच जळून जाते. शिवाय उतरताना विमानाचे वजन ठराविक मर्यादेत हवे. फार तेल शिल्लक असले तर उतरता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, तासाभराचे जास्त घेतले म्हणून जुलैतला पाऊस तासाभरात थांबेल असा लेखी करार मेघराजाने कोणाशी केलेला नाही. चाळीस मिनिटे घिरट्या घालण्याइतके तेल कप्तानाने जवळ ठेवले होते, यावरून त्याने मुंबईचा पावसाळा ध्यानात घेतला होता हे उघड आहे. ते संपले, अहमदाबादचे आणि अखेरच्या अर्ध्या तासाचे तेवढे उरले. त्या क्षणी निघणे हाच हिशेब होता. आम्ही ज्यास कंजूषपणा म्हणून ओरडलो, ती शिस्त होती.

पूर्वीच्या वैमानिकांना एवढी चैन नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चार्ल्स लिंडबर्ग 20 मे 1927 रोजी न्यूयॉर्कहून एकटा पॅरिसला निघाला तेव्हा त्याने 450 अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे 1,700 लिटर पेट्रोल घेतले. त्याचे वजन भरून काढण्यासाठी रेडिओ घेतला नाही, पॅराशूटही घेतले नाही. साडेतेहतीस तासांनी उतरला तेव्हा टाकीत 85 गॅलन उरले होते. आणि आपल्या जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ या चिमुकल्या विमानास मध्ये अहमदाबादला उतरून पेट्रोल घ्यावे लागले. ते पेट्रोल डब्यांतून बैलगाडीने विमानापर्यंत आणले होते. म्हणजे आमचे बैलगाडीचे उदाहरण अगदीच ओढूनताणून आणलेले नाही! पुढे 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबे घेतच गेले. आता एका दमात न्यूयॉर्क गाठतात, ही मोठीच मजल आहे. पण अहमदाबादला उतरण्यात काही कमीपणा नाही, हे टाटांनीच दाखवून ठेवले आहे.

असो. भाषण लांबले; पारितोषिके वाटावयाची आहेत आणि आमच्या त्या विद्यार्थिनीच्या हस्तेच वाटावयाची आहेत. ती रात्रपाळी करून थेट येथे आली आहे, म्हणून आता आटोपते घेतो.

त्या दुपारी ती गेल्यावर आम्ही विमान कंपनीस पत्र लिहिले. अमुक तारखेच्या विमानात आम्ही हवाई सेविकेस व कप्तानास अनुचित बोललो, हिशेब त्यांचा बरोबर होता, आमचा चुकला होता, आमची दिलगिरी कृपया त्या दोघांस कळवावी, असा मजकूर होता. आसनक्रमांकही दिला. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आले की, आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे व आपणांस झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही क्षमस्व आहोत. आम्ही पुन्हा लिहिले की, तक्रार नाही, क्षमा आम्ही मागत आहोत. त्यास अद्याप उत्तर नाही.